वेचणीचे दिवस, शाळेचे दिवस

बुलढाणा जिल्ह्यात गावाचा पत्ता सांगताना माणसे तालुक्याच्या आधी घाट सांगतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे. चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा हे घाटावरचे. खाली पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत कपाशी मोठी, वर सोयाबीन मोठे. पीक वेगळे, पाणी वेगळे, बोलण्याचा हेलही थोडा वेगळा. पण प्राथमिक शाळेचे हजेरीपत्रक उघडले तर दोन्हीकडे एकच रेघ दिसते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जून सरता सरता उघडतात. जुलै-ऑगस्टात वर्ग गजबजलेले असतात. मग सोयाबीनची सोंगणी सुरू होते, पाठोपाठ कापूस फुटतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, आणि वर्गात मोकळ्या जागा दिसू लागतात. म्हणजे इथल्या गैरहजेरीला वेळापत्रक आहे, आणि ते पावसावर आणि मजुरीच्या दरावर ठरते. एवढे ध्यानात घेतले तरी ‘आईबापांना शिक्षणाचे महत्त्वच कळत नाही’ हे नेहमीचे उत्तर अपुरे वाटू लागते. माझे म्हणणे असे आहे की पहिली ते चौथीच्या वयात रोज शाळेत असण्यात शिस्तीचा भाग दुय्यम आहे. रोजची हजेरी ही शिकण्याची पहिली अट आहे. आणि ही अट पाळण्याचा सगळा भार आपण ज्या कुटुंबावर टाकतो, त्या कुटुंबाला तो एकट्याने पेलणारा नाही.

आपण शाळेत नाव घातले की जिंकलो असे मानत आलो. त्या मानण्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास अभिमानाचाही आहे. एकेकाळी खेड्यातल्या पोरीचे नाव पटावर येणे हीच लढाई होती. ती बव्हंशी जिंकली गेली. ‘असर’ या ‘प्रथम’ संस्थेच्या पाहणीनुसार 2024 मध्ये ग्रामीण भारतातील 6 ते 14 वयाची 98 टक्के मुले शाळेत दाखल होती. त्याच पाहणीत आणखी एक आकडा असतो, ज्याची बातमी क्वचितच होते: पाहणीवाले शाळेत गेले त्या दिवशी प्रत्यक्ष किती मुले हजर होती. देशाचे ते प्रमाण 2018 मध्ये 72.4 टक्के होते, 2022 मध्ये 73 आणि 2024 मध्ये 75.9. नाव जवळजवळ सगळ्यांचे, आणि कोणत्याही एका दिवशी चारांतले एक मूल वर्गात नाही. महाराष्ट्राची स्थिती देशाच्या सरासरीहून बरी असते, हे खरे; पण सरासरीत समाधान मानायला आपल्याला जागा नाही. 3 ते 5 ऑक्टोबर 2011 या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली होती. मुले दोनदा मोजली जाऊ नयेत म्हणून त्यांच्या बोटांना शाई लावली होती. कागदावरच्या पटापेक्षा सुमारे 20 लाख मुले कमी निघाली. त्यातले पुष्कळसे बनावट पट होते, त्यावर कारवाईची चर्चा वर्षानुवर्षे चालली. माझ्या दृष्टीने त्या मोहिमेचा अधिक टिकाऊ धडा दुसराच होता: पटावरचे नाव आणि वर्गातले मूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राज्याने त्या तीन दिवसांत स्वतःच मोजून पाहिले.

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे. मोठ्या वयात माणूस आठ दिवस गैरहजर राहिला तर राहिलेले वाचून काढतो. सहा वर्षांच्या मुलाला वाचून काढता येत नाही, कारण वाचणे हेच तर राहिलेले असते. पहिलीत मराठीचे शिक्षक अक्षरांकडून काना, वेलांटी, उकार, मात्रा यांच्याकडे जातात. दुसरीत जोडाक्षरे येतात. ‘क’ ओळखणाऱ्या मुलाला ‘कि’ आणि ‘की’, ‘कु’ आणि ‘कू’ यांचे नाते कळायला रोज थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, डोळ्याने पाहणे, तोंडाने म्हणणे आणि हाताने गिरवणे लागते. ते दोन-तीन आठवडे हुकले की पुढचे पान त्या मुलापुरते बंद होते. गणितातही तसेच. दशक-एकक नीट बसलेले नसताना हातच्याची बेरीज समोर आली तर मूल हातचा घेते, पण का घेते हे त्याला उमगत नाही. मग वजाबाकीत दशकाकडून उसने घेताना सगळेच कोसळते. कपाशीच्या शेतात उगवण विरळ झाली तर शेतकरी नांग्या भरतो, पण तो ते आठ-दहा दिवसांच्या आत करतो. महिन्याने लावलेले बी उगवते, तरी शेजारच्या झाडांच्या सावलीत ते वाढत नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाच्या राहिलेल्या धड्याचे असेच आहे. तो भरून काढता येतो, मात्र लगेच. आणि लगेच भरायचा तर मूल परत वर्गात आलेले असले पाहिजे.

घरी भरून निघेल म्हणावे तर घराची स्थिती पाहावी लागते. 2011 च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्याची साक्षरता सुमारे 83 टक्के होती, स्त्रियांची सुमारे 76. तेव्हाच्या मुली आज आया झाल्या आहेत आणि चित्र सुधारले आहे, पण अक्षर ओळखणाऱ्या प्रत्येक आईला दिवसभर वाकून कापूस वेचल्यावर संध्याकाळी पाटी घेऊन बसण्याची ताकद उरते असे नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत कोरकू, भिलाला, निहाल समाजाच्या वस्त्या आहेत. त्यातल्या बऱ्याच मुलांची घरची भाषा मराठी नाही. पुस्तकातली मराठी त्यांच्या कानावर पडते ती शाळेतच. शहरातल्या मुलाचा एक दिवस बुडाला तर त्याचा एक धडा बुडतो. कोरकू मुलाचा एक दिवस बुडाला तर धडाही बुडतो आणि ज्या भाषेत तो धडा आहे ती भाषाही तेवढी मागे सरते. ज्यांना शाळा सर्वांत अधिक लागते त्यांचेच दिवस सर्वांत अधिक बुडतात, ही या प्रश्नातली मला सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

दिवसांचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे 2009 च्या आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या कायद्याने, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास ठरवले आहेत. सहा दिवसांच्या आठवड्याने 200 दिवस म्हणजे साधारण 33 आठवडे. आठवडी बाजाराच्या दिवशी घर सांभाळायला एखादी मुलगी मागे राहिली, आणि दर आठवड्याला राहिली, तर वर्षाला 33 दिवस गेले. पहिली ते चौथीत ते 130 च्या वर जातात, म्हणजे चार वर्षांच्या शिक्षणातले दोन तृतीयांश वर्ष. हे नुकसान कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. ती मुलगी कधीच शाळाबाह्य नव्हती. तिने शाळा सोडली नाही, तिचे नाव कापले गेले नाही, ती दर वर्षी पुढच्या वर्गात गेली. सरकारी यंत्रणा शाळाबाह्य म्हणून शोधते ते महिनाभर सलग न आलेल्या मुलाला. सलग एक महिना गैरहजर असलेले मूल दिसते. वर्षभरात एकेक करून तेवढेच दिवस गमावलेले मूल दिसत नाही. वर्गाची सरासरी तर आणखी फसवी. तीस मुलांच्या वर्गाची हजेरी 90 टक्के आहे म्हटल्यावर ती चांगली वाटते. पण याचा अर्थ सगळी तीस मुले अधूनमधून एखादा दिवस चुकवतात असा असू शकतो, किंवा सत्तावीस मुले रोज येतात आणि तीन कधीच येत नाहीत असाही. पहिल्या वर्गाला फारशा मदतीची गरज नाही. दुसऱ्या वर्गातल्या तिघांच्या घरी आजच जायला हवे. अमेरिकेत यासाठी वर्गाची सरासरी बाजूला ठेवून प्रत्येक मुलाचे दिवस मोजायची पद्धत रुळली: वर्षातले 10 टक्के किंवा अधिक दिवस चुकवणारे मूल, मग कारण काहीही असो, धोक्यात आहे असे धरायचे. आपल्या 200 दिवसांत ते 20 दिवस होतात, महिन्याला दोन-अडीच. आपल्याकडे महिन्याला दोन दिवसांची गैरहजेरी कोणाच्या मनातही येत नाही.

पुरावा काय, असे विचारणे योग्यच आहे. कॅलिफोर्नियातल्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: बालवाडी आणि पहिली अशी दोन्ही वर्षे ज्यांची गैरहजेरी मोठी होती, त्यांतली फक्त 17 टक्के मुले तिसरीत अपेक्षेप्रमाणे वाचू शकत होती, नियमित येणाऱ्यांत हे प्रमाण 64 टक्के होते. यावर लगेच शंका येते आणि ती खरी आहे. गैरहजर राहणारी मुले बहुधा गरिबांची, आजारी किंवा अडचणीतल्या घरांतली असतात. मग वाचन मागे पडले ते गैरहजेरीने की गरिबीने? अशा आकड्यांतून दोन्ही वेगळे काढणे अवघड. पण 2020 साली, कोणी मागितली नव्हती अशी एक परीक्षा साऱ्या जगाची झाली. करोनामुळे गरीब-श्रीमंत, आळशी-उद्योगी, सगळ्यांचीच शाळा एकदम बंद झाली. अझीम प्रेमजी फाउंडेशनने 2021 च्या सुरुवातीला पाच राज्यांतल्या सोळा हजारांवर मुलांची चाचणी केली, तेव्हा 92 टक्के मुलांनी आधीच्या वर्षी येत असलेले भाषेचे किमान एक कौशल्य गमावलेले होते, गणितात 82 टक्क्यांनी. नवीन शिकणे थांबले एवढेच घडले नव्हते, येत होते तेही गेले. ‘असर’च्या आकड्यांत हीच घसरण दिसते. तिसरीतली जी मुले दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात, त्यांचे देशातले प्रमाण 2018 मध्ये 27.3 टक्के होते, 2022 मध्ये 20.5 वर आले आणि मुले पुन्हा वर्गात बसू लागल्यावर 2024 मध्ये 27.1 वर परतले. प्रयत्न इतरही झाले, हे मान्य. तरी शाळा गेली तेव्हा वाचन गेले आणि शाळा आली तेव्हा वाचन आले, हा क्रम मला पुरेसा बोलका वाटतो. टाळेबंदीत जे सगळ्यांचे एकदम झाले, ते ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलांचे दर वर्षी होते.

इथे सर्वांत जड आक्षेप येतो. हेच आकडे उलटून कोणी म्हणेल: तिसरीतल्या चारांतल्या तिघांना दुसरीचा उतारा वाचता येत नसेल, तर शाळेत जाऊन तरी मूल काय शिकते? मग हजेरीचा एवढा आग्रह कशाला? या आक्षेपाच्या बाजूने एक भक्कम अभ्यासही आहे. केनियातल्या बुसिया भागात मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिग्वेल यांनी शाळकरी मुलांना जंतनाशक गोळ्या देऊन पाहिल्या. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गैरहजेरी एक चतुर्थांशाने घटली, पण परीक्षेतले गुण वाढले नाहीत. क्रेमर यांना पुढे 2019 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण तेवढ्याने तो निष्कर्ष हजेरीच्या बाजूला झुकत नाही. मूल नुसते आणून बसवले की शिकते, असे म्हणताच येत नाही. मात्र तीच मुले मोठी झाल्यावर, वीसेक वर्षांनी, त्यांची तासाची कमाई गोळ्या उशिरा मिळालेल्यांपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी अधिक निघाली. त्यात आरोग्याचा वाटा किती आणि शाळेचा किती, हे वेगळे सांगता येत नाही, आणि मी तसा दावाही करणार नाही. मी एवढेच म्हणेन की वर्षअखेरच्या पेपरात न दिसणारे पुष्कळ काही शाळेच्या दिवसांत साठत असते.

शिवाय गुणवत्ता आणि हजेरी या दोन बाबी आपण समजतो तेवढ्या सुट्या नाहीत. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकासमोर दोन वर्ग असतात. सोमवारी आलेल्यांतली पाच मुले मंगळवारी नसतात, मंगळवारची चार बुधवारी नसतात. शिक्षकाने कालचाच धडा पुन्हा घ्यावा तर रोज येणारी मुले कंटाळतात. पुढे जावे तर कालची गैरहजर मुले कायमची मागे पडतात. बहुतेक शिक्षक यातून मधला मार्ग काढतात आणि त्यात सगळ्यांचेच थोडे थोडे नुकसान होते. म्हणजे एका मुलाच्या गैरहजेरीची किंमत हजर मुलेही मोजतात. शाळा कमकुवत म्हणून मुले येत नाहीत आणि मुले अनियमित म्हणून शाळा कमकुवत राहते, हे चक्र कुठून तरी तोडायचे तर हजेरीच्या टोकाला हात घालणे मला अधिक सोपे वाटते. शिक्षक तरी कुठे रोज येतात, हा टोमणा इथे ऐकू येतो. त्याचे उत्तर आकड्यांत आहे. क्रेमर, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन दशकांपूर्वी भारतभर अचानक भेटी देऊन सरकारी प्राथमिक शाळांतल्या शिक्षकांची गैरहजेरी मोजली. देशात चारांतला एक शिक्षक जागेवर नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत कमी, 15 टक्क्यांच्या आसपास होते. शिक्षकाच्या हजेरीत जे राज्य देशात पहिले आले, त्याने मुलाच्या हजेरीचे काम हाती घेताना कचरायला नको.

दुसरा आक्षेप पोटाचा. त्याला मी आक्षेप म्हणायलाही तयार नाही. ते वस्तुस्थितीचे वर्णन आहे. कापसाची वेचणी किलोवर असते. रोजावर असते तर मूल नेऊन फायदा नव्हता. किलोवर असल्याने दहा वर्षांच्या हातांनी भरलेली झोळीही घरच्या वजनात धरली जाते. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडल्याशिवाय परतता येत नाही. तान्हे मूल फडात एकटे ठेवता येत नाही, म्हणून सात वर्षांची थोरली बहीण सोबत जाते. कोपीत राहणारी, भावाला कडेवर घेणारी ही मुलगी कोणत्याही बालकामगारांच्या यादीत नसते. 2016 च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्यात शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या कामाला मदत करायची मुभा ठेवली आहे. पण भाऊ सांभाळण्याला शाळेनंतरची वेळ नसते, ते काम दिवसभराचे असते. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हे सगळे मांडलेले आहे. शेतकऱ्यांची मुले शाळेपासून दूर राहतात कारण घरच्या दारिद्र्यापायी ती गुरे राखायला आणि शेत सांभाळायला लागतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, त्यांना टिकवायला शिष्यवृत्त्या आणि बक्षिसांसारखी खास उत्तेजने द्यावी लागतील, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच निवेदनात त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. सक्ती आणि मदत या दोन्ही मागण्या त्यांनी एकत्र केल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढे हार्टोग समितीने 1929 मध्ये दाखवून दिले की 1922-23 साली पहिलीत असलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचली. मदतीवाचून शाळा उघडल्या की काय होते, त्याचा तो लेखाजोखा होता.

शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापुरात मोफत आणि सक्तीचे शिक्षण आणले तेव्हा मुलाला न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. काही दिवसांची मजुरी जाईल एवढा तो दंड होता. सक्ती खरी वाटावी असा. 1992 मध्ये महाराष्ट्र शासनाने उलटी वाट धरली: अनुसूचित जाती-जमाती आणि विमुक्त-भटक्या समाजांतल्या, पहिली ते चौथीत शिकणाऱ्या गरीब मुलींना हजर राहिल्याबद्दल दिवसाला एक रुपया भत्ता. कल्पना उत्तम होती, फुल्यांच्या मागणीला धरून होती. पण त्यानंतरच्या तीस वर्षांत कापसाचा भाव, वेचणीचा दर, एसटीचे भाडे सगळे बदलले आणि भत्ता एक रुपयाच राहिला. आज तो मुलीला शाळेत आणत नाही, आणि ही योजना कागदावर चालू असल्याने नव्या मदतीची मागणीही मंदावते. मुलीच्या एका दिवसाच्या वेचणीला जे मिळते त्याच्या निम्म्याने जरी हा भत्ता बांधला आणि तो सगळ्या स्थलांतरित व मजूर घरांतल्या मुलामुलींना दिला, तर खर्च वाढेल हे निश्चित. पण मग ती मदत ठरेल. शालेय पोषण आहाराने हे करून दाखवले आहे. 1995 साली ही योजना आली तेव्हा 80 टक्के हजेरीवर महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायला मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 च्या आदेशानंतर शिजवलेले जेवण शाळेतच देणे आले. त्या क्षणापासून मदत महिन्याच्या हिशेबातून रोजच्या दुपारच्या ताटात आली, जेवायला मूल शाळेतच असावे लागते. हजेरीला बांधलेली मदत कशी असावी याचा इतका सरळ नमुना दुसरा नाही.

ऊसतोडीवर मात्र ताट पुरत नाही. घरच उचलून जाते. त्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे: आईबाप फडावर गेले तरी मूल गावात, आजीजवळ किंवा शेजाऱ्याकडे राहील आणि जेवणखाण गावातच होईल. बरोबर गेलेल्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ज्यावर ते जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे. बालरक्षक म्हणून स्वेच्छेने काम करणारे शिक्षक अशी मुले शोधत फिरतात, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. अडचण वेळेची असते. टोळ्या निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. त्याआधी यादी, मंजुरी आणि धान्य यांची तयारी नसेल तर कुटुंबाला वाट पाहता येत नाही. मुकादमाची गाडी आली की जायचेच असते. नोव्हेंबरात गेलेले मूल मार्च-एप्रिलात परतते. वर्षातले शिकण्याचे सर्वांत चांगले महिने तेवढेच असतात. म्हणून या योजनेचे यश वसतिगृहे किती मंजूर झाली यापेक्षा पहिली गाडी निघायच्या आदल्या दिवशी किती चालू होती, यावर मोजले पाहिजे.

शेतात जाणारे मूल काहीच शिकत नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. जमिनीचा पोत, किडीची ओळख, बैलाची नाडी, वजनकाट्याचा हिशेब त्याला येतो, आणि शाळेने या ज्ञानाला वर्गात जागा दिली तर ते मूल शाळेत रमेलही. परंतु वेचणीचे काम पहिल्या आठवड्यात जितके शिकवते तितके पाचव्या आठवड्यात शिकवत नाही. त्यानंतर ती फक्त मजुरी उरते. शेतकाम शिकायला आयुष्य पडले आहे, वाचायला शिकण्याचे सोपे वय थोडेच असते. ज्यांना दोन्ही सांभाळायची आहेत त्यांच्यासाठी कायद्यात एक दार उघडे आहे. शैक्षणिक दिनदर्शिका ठरवण्याचे काम शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेकडे दिले आहे. घाटाखाली कापसाची पहिली जोरदार वेचणी आणि घाटावर सोयाबीनची सोंगणी एकाच आठवड्यात येत नाहीत, मग सुट्टी एकाच आठवड्यात का यावी? दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस तालुक्यानुसार पुढेमागे केले तर 200 दिवस तेच राहतील आणि प्रत्यक्ष भरलेल्या वर्गाचे दिवस वाढतील. पाच महिन्यांच्या ऊसतोडीला हा उपाय लागू पडणार नाही, पण चार-आठ दिवसांच्या खाड्यांना पडेल, आणि पुष्कळ नुकसान त्या खाड्यांतच आहे.

हजेरीवर जोर दिला की खोटी हजेरी लागते, ही भीती अनुभवातून आलेली आहे. शिक्षकाचे पद पटसंख्येवरच्या संचमान्यतेने ठरते, धान्य हजेरीवर येते. अशा वेळी मोकळ्या चौकटीत ‘ह’ लिहिण्याचा मोह होतो, आणि तो करणाऱ्या प्रत्येकाला मी अप्रामाणिक म्हणणार नाही, कारण पट घटला की शाळाच जाण्याची टांगती तलवार असते. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार राज्यात वारंवार पुढे येतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या वस्तीवरची शाळा उठून तीन किलोमीटरवर गेली तर पहिलीतले मूल पावसाळ्यात नाला ओलांडून जाईल का, याचे उत्तर त्या वस्तीतल्या कोणालाही ठाऊक आहे. खरी हजेरी हवी असेल तर ती सांगितल्याने शाळेचे नुकसान होणार नाही, एवढी हमी आधी द्यावी लागेल. गैरहजेरी जास्त असलेल्या शाळेला शिक्षक कमी न करता एक माणूस अधिक द्यावा, जो घरोघरी जाईल. दुसरीकडे शंभर टक्के हजेरीची बक्षिसेही मला पटत नाहीत. खारपाणपट्ट्यातल्या गावांत खाऱ्या पाण्याने आणि मूत्रपिंडाच्या आजारांनी घरे ग्रासलेली आहेत; आजारी मुलाने तापात शाळेत येणे हा गुण नव्हे. आजारी मूल घरी राहावे, बरे झाले की तिसऱ्या दिवशी परत यावे, आणि राहिलेले त्याला त्याच आठवड्यात शिकवले जावे. बक्षीस द्यायचेच तर आधी बुडणाऱ्या आणि आता येऊ लागलेल्या मुलाला द्यावे.

हे सगळे कोण करणार, याचेही उत्तर कायद्यात आहे. शिक्षकाच्या कर्तव्यांमध्ये पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना मुलाच्या हजेरीची माहिती देणे लिहिलेले आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही लिहिलेले आहे. वेचणीला कोण जाते, कोणाचे मूल कोणाकडे राहू शकते, कोणत्या घरात आजारपण आहे, हे या बायकांना जितके कळते तितके केंद्रप्रमुखाला कधीच कळणार नाही. पण सभा शाळेच्या वेळेत, भर दुपारी ठेवली जाते, आणि हंगामात त्या वेळी याच बाया कपाशीच्या ओळीत असतात. मग सभेला गावात मोकळे असलेले पुरुष येतात आणि इतिवृत्तावर सह्या होतात. ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत ही सभा संध्याकाळी सातला, वस्तीवर, वेचणीहून आलेल्या बायका जिथे बसतात तिथे घ्यावी, आणि सरासरी वाचून न दाखवता नावे वाचावीत: या महिन्यात ही चार मुले तीनपेक्षा जास्त दिवस आली नाहीत, यांच्या घरी उद्या कोण जाते?